हर्षदचा हात

ऋजुता रासमने परवान्यातला नियम मोडला तो वाटीभर पेजेसाठी. पुढे तिने जी जी कारणं दिली ती सगळी खरी होती, पण सुरुवात पेजेपासून झाली. अप्पा, म्हणजे तिचे सासरे, जेवत नव्हते आणि ते जेवावेत म्हणून तिची काहीही करायची तयारी होती. अशा वेळी माणूस आधी एक लहानशी गोष्ट करतो. मोठी मग तिच्या मागून आपल्या पायांनी चालत येते.

नियम अगदी साधा. हौशी रेडिओवर बोलणाऱ्याने बोलण्याच्या आरंभी आणि शेवटी आपलं कॉलसाइन सांगायचं. कॉलसाइन म्हणजे सरकारने दिलेलं अक्षरं-आकड्यांचं नाव, जे जगात दुसऱ्या कोणाचं नसतं. हवेत तोंड दिसत नाही, तेव्हा बोलतंय कोण हे ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे, इतकाच त्यातला अर्थ. ऋजुता देवगडच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची आणि या परवान्याच्या परीक्षेचे वर्गही घ्यायची. दर वर्षी पहिल्या तासाला फळ्यावर ती हाच नियम लिहायची. त्यामुळे आपण काय करतोय हे तिला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

देवगडजवळ मुणगे गावात रासमांची आंब्याची कलमं आहेत. आंबे निवडायच्या शेडला लागून एक खोली आहे, ती तिच्या नवऱ्याची, हर्षदची. चारशे बहात्तर ते चारशे एकोणऐंशी किलोहर्ट्झचा पट्टा, म्हणजे मीडियम वेव्हवरच्या आकाशवाणी केंद्रांच्या जरा खालची जागा, हौशी मंडळींना कागदोपत्री मिळालेला होता. किनाऱ्यावर मात्र बंदी होती. जहाजांना हवामान कळवणारी केंद्रं शेजारीच, त्यांना या नव्या भाडेकरूंचा त्रास होतो का ते आधी बघायचं होतं. ते बघायला मोजक्या लोकांना प्रायोगिक परवाने दिले आणि त्यातला एक हर्षदला मिळाला. चार वर्षं तो रोज दिवेलागणीला त्या खोलीत बसून एकाच फ्रिक्वेन्सीवर हाताने मोर्स, म्हणजे टिंबा-रेघांची लिपी, पाठवत होता, की नावाचा छोटा खटका बोटाने दाबत. हे काम यंत्राला लावून देता आलं असतं, पण यंत्राने पाठवलेली मोर्स त्याला उकडलेल्या बटाट्यासारखी लागायची.

मजकूर साध्या भाषेत हवा एवढीच अट होती. मग हा पठ्ठ्या रोमन अक्षरांत मालवणी पाठवायचा. आज पेडव्यांच्या मासळीचं तिखलं केलंय, वहाळाला पाणी आलंय, कुत्री व्याली. ऋजुताला कॉलेजात उशीर झाला की ती तिथल्या प्रयोगशाळेत रिसीव्हर लावून ऐकत बसायची. येताना कोथिंबीर आणायची हे तिला अर्ध्या किलोमीटरहून जास्त लांबीच्या लहरीवरून कळायचं, याची स्टाफरूममध्ये पुष्कळ थट्टा होई.

हाताने मोर्स पाठवणाऱ्याचा हात ओळखू येतो, अक्षर ओळखू यावं तसा. हर्षदचा तर कोणीही ओळखला असता. शेवटच्या अक्षराची शेवटची रेघ तो अंमळ ओढायचा. निघालेला माणूस दारात एक पाय आत ठेवून बोलतच राहतो ना, तशी.

मोर्स त्याला अप्पांनी शिकवली होती. अप्पा, वासुदेव रासम, तरुणपणी मालवाहू बोटींवर रेडिओ ऑफिसर होते. बोटींवरची मोर्स बंद झाली तेव्हा ते घरी आले आणि कलमांच्या मागे लागले. इंजिनांच्या घरघरीने त्यांचे कान गेले होते. माणसाचं बोलणं अर्धंमुर्धं कळे, पण कानामागच्या हाडाला टेकवायचा हेडफोन घातला की मोर्सची शिट्टी त्यांना लख्ख ऐकू येई. हौशी परवान्याचं नूतनीकरण त्यांनी कधी चुकवलं नव्हतं. स्वतः मात्र ते त्या खोलीत फारसे जात नसत, कारण लेकाचा हात आपल्याहून चांगला झाला आहे असं त्यांचं मत होतं आणि ते त्याला कळू द्यायचं नव्हतं.

गेल्या मे महिन्यात वळवाच्या वाऱ्याने अँटेनाची तार खांबावरून सुटली. दुपारी बापलेकांत कशावरून तरी वाजलं होतं. दिवेलागणीच्या आधी तार ओढून घे, रोजची वेळ चुकता कामा नये, असं अप्पा म्हणाले. हर्षद काही न बोलता उठला. खांब ओला होता. ऋजुता तेव्हा देवगडला पेपर तपासत होती. शिपाई बोलवायला आला तेव्हा तिला वाटलं, प्राचार्यांनी बोलावलं असेल.

त्यानंतर घरात दोघंच उरली. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. ऋजुताच्या कोल्हापूरच्या माहेराहून ये ये म्हणून फोन येत, आणि ती जाऊ शकत नव्हती, कारण अप्पांनी आधी बोलणं सोडलं आणि मग हळूहळू जेवण. डॉक्टरांनी तपासून शरीरात काही दोष नाही म्हणून सांगितलं. ते ऐकून तिला रडू आलं. दोष असता तर औषध असतं.

दिवाळीनंतर प्रायोगिक परवाना बंद करायचा अहवाल द्यायचा होता. हर्षदच्या मागे तो परवाना तिच्या नावावर झाला होता. अहवालाआधी ट्रान्समीटरची शेवटची मोजमापं घ्यावीत म्हणून तिने सुटलेली तार गड्याकडून पुन्हा बांधून घेतली, आणि एका संध्याकाळी ती खोलीत गेली, धूळ पुसली आणि चाचणीसाठी सगळे पाठवतात तसं नुसतं व्ही हे अक्षर तीन-चारदा पाठवलं. तीन टिंबं, एक रेघ. आता कॉलसाइन पाठवणार, तेवढ्यात रिसीव्हरमध्ये व्ही ऐकू आला. क्षीण, दुरून आलेला, आणि शेवटची रेघ ओढलेली.

तिने कीवरून हात असा मागे घेतला की चहाचा कप लवंडला. ती घरी धावली नाही, ओरडली नाही. तिला भीती वाटली हे खरं, पण त्याहून जास्त भीती तो आवाज पुन्हा येणार नाही याची वाटली. तिने परत व्ही पाठवला. पंधरा-वीस सेकंदांनी परत तोच हात. मग तिने त्याचं नाव पाठवलं, आणि हर्षदने आपलं नाव स्वतःच्या हाताने लिहून परत पाठवावं तसं ते आलं. तू कुठे आहेस, असं तिने विचारलं. उत्तर आलं, तू कुठे आहेस. अक्षरं तिची, हात त्याचा. रोज सूर्य बुडाल्यावर तासभर हे चाले, मग थांबे.

तिने कोणाला सांगितलं नाही. सांगणार तरी काय, आणि कोणाला? चौथ्या-पाचव्या दिवशी अप्पांनी पेजेची वाटी भिंतीकडे सरकवली तेव्हा तिच्या मनात ते आलं. तिने त्यांच्या खाटेशी रिसीव्हर ठेवला, त्यांच्या कानामागे हेडफोन बसवला आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, की हर्षदने चार वर्षं जे पाठवलं त्यातलं बरंच वर आकाशात अडकलं होतं आणि आता ते उशिराने खाली येतंय. ही थाप तिला इतकी सहज सुचली की तिचं तिलाच नवल वाटलं. मग ती खोलीत गेली. तिची मोर्स चालू असताना घरातला रिसीव्हर गप्प राहावा म्हणून तिने एक वायर टाकून ठेवली होती, त्यामुळे अप्पांना फक्त परतून येणारं ऐकू येणार होतं. परतीचा आवाज सुरू व्हायच्या आत पाठवून झाला पाहिजे म्हणून मजकूर छोटा हवा होता. तिने पाठवलं, "अप्पांनी पेज खाल्ल्यानी." कॉलसाइन घातलं नाही. घातलं असतं तर तेही हर्षदच्याच हाताने परत आलं असतं आणि अप्पांनी ते तिचं म्हणून ओळखलं असतं.

ती घरी आली तेव्हा अप्पा उठून बसले होते. त्यांनी पेज मागितली, वर लोणच्याची फोड मागितली, आणि जेवता जेवता हा निरोप कुठल्या वर्षीचा असेल याचा हिशेब करत राहिले.

मग तिची ही रोजचीच नोकरी झाली. सकाळी कॉलेज, संध्याकाळी हर्षद. आरंभी ती त्याच्या तोंडी शोभेल तेवढंच पाठवायची, पाऊस, मासळी, शेजाऱ्यांच्या गाईचा उच्छाद. अप्पा हसू लागले. रात्रीच्या जेवणाला भाकरी चालेल म्हणू लागले. पण माणसाला एकदा दुसऱ्याचं तोंड मिळालं की स्वतःच्या तोंडाने बोलायची सवय सुटत जाते. अप्पांचं ऐकून झालं की ती त्यांचा रिसीव्हर बंद करायची आणि स्वतःसाठी पाठवायची. दमलीस का. आज ती निळी साडी नेस. कोल्हापूरला जाऊ नकोस. वीस सेकंद थांबायची आणि हर्षदकडून ते ऐकायची. आपल्याच हाताने वाढून घेतलेलं ताट दुसऱ्याने वाढलं असं समजून ती जेवत होती आणि दिवसेंदिवस तिचं बाहेरचं बोलणं कमी होत होतं. वर्गातल्या मुलांना ते आधी कळलं, तिला नंतर.

फेब्रुवारीच्या शेवटी दोन गोष्टी एकदम आल्या. किनारपट्टीवर पट्टा खुला करण्याची नियमावली निघाली. अमुक ताकद, अमुक अँटेना, विजेच्या उच्चदाब तारांपासून अमुक अंतर, आणि होळीनंतरच्या सोमवारपासून कोणीही परवानाधारक पाठवू शकेल. आणि त्याच आठवड्यात डॉ. फरीदा मुकादम दारात उभी राहिली.

फरीदा मूळची राजापूरकडची. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर काम करणारी, वयाने ऋजुताहून लहान. कोणा हौशी श्रोत्याने एक तक्रार केली होती, की या बंद पट्ट्यावर रोज संध्याकाळी एक निनावी केंद्र ऐकू येतं आणि ते प्रत्येक वाक्य दोनदा म्हणतं, एकदा घाईच्या हाताने आणि एकदा सावकाश हाताने. त्याचा माग काढत ती आली होती. मी काही पोलीस नाही, हे तिने चपला काढायच्या आधी सांगितलं. मग शेडमध्ये आंब्याच्या रिकाम्या खोक्यावर बसून तिने जे समजावलं ते ऋजुताने नंतर कितीतरी वेळा मनात घोळवलं.

दिवसा वातावरणाचा एक विद्युतभारित थर मीडियम वेव्हच्या लहरी गिळून टाकतो. सूर्य बुडाला की तो विरतो आणि लहरी वर जायला मोकळ्या होतात. बहुतेक परत फिरतात. थोड्या निसटून आणखी वर, पृथ्वीच्या चुंबकीय रेषांत अडकलेल्या विद्युतकणांच्या प्रदेशात शिरतात. हे कण एका गोलार्धातून दुसऱ्यात सारखी ये-जा करत असतात. मोर्समधली लहर चालू-बंद होते तसे त्यांचे पुंजके होतात, आणि ते पुंजके आपली ऊर्जा लहरीलाच देतात. म्हणून वर गेलेली लहर दमून मरत नाही, पोसली जाऊन परत येते. याचा अंदाज जुन्या शास्त्रज्ञांनाही होता. फरीदाला सापडलेलं नवं होतं ते पुढेच. एकाच जागेवरून, एकाच वेळेला, एकाच फ्रिक्वेन्सीवर एकच माणूस वर्षानुवर्षं पाठवत राहिला, तर पुंजक्यांना त्याच्या लयीची सवय लागते. माळावरून रोज एकच माणूस गेला तर पायवाट पडते आणि मग नवखाही तिच्यावरूनच चालतो. त्यानंतर वर गेलेला मजकूर परत येतो तो नवाच, पण टिंबा-रेघांची लांबी, मधल्या फटी, शेवटची ओढ, हे सारं जुन्या माणसाचं. या प्रकाराला तिने लयठसा असं नाव दिलं होतं. आजवर मिळालेला पहिला स्पष्ट लयठसा हा, असं ती म्हणाली, आणि तो कोणाचा, हे तिने विचारलं.

ऋजुताने भिंतीवरचा फोटो दाखवला. फरीदाने उठून तो जवळून पाहिला. मग ठसा किती टिकेल ते तिने न विचारता सांगितलं. वाटेवर एकच माणूस होता म्हणून ती राहिली. सोमवारपासून शंभर जण तिच्यावरून चालणार. एक संध्याकाळ, फार तर दोन. ध्वनिमुद्रणं आहेतच, पण ती एकदा बोललेलंच बोलणार. संगणकाला हा हात शिकवता येईल, पण ती नक्कल अप्पा दोन अक्षरांत ओळखतील, हे ऋजुताला ठाऊक होतं. नियमावलीत एक वाट होती. प्रायोगिक परवानाधारकाने हरकत घेतली तर त्याच्या भोवतीचा भाग आणखी काही महिने बंद ठेवता येई. निघताना फरीदाने एकच विचारलं, तुम्ही कॉलसाइन का घालत नाही?  फरीदाने तक्रारीसोबतची ध्वनिमुद्रणं ऐकली होती आणि त्यांत अप्पा हा शब्द पुन्हा पुन्हा येत होता, त्यामुळे तिने उत्तराची वाट पाहिली नाही.

हरकतीचा अर्ज ऋजुताने अर्धा लिहिला. मग तिच्याच वर्गातून परीक्षा पास झालेली मुलं तिला रस्त्यात भेटली. त्यांनी माडांना तारा बांधल्या होत्या आणि बाई, सोमवारी पहिला संपर्क तुमच्याशी, असं त्यांचं ठरलं होतं. ती त्यांना हो म्हणाली आणि घरी येऊन अर्जासमोर बसून राहिली.

त्या रात्री जेवणं झाल्यावर अप्पा आपणहून बोलायला लागले. हर्षद गेल्यापासून त्या दिवसाबद्दल ते पहिल्यांदाच बोलत होते. भांडण त्यांच्या कानांवरून झालं होतं. हर्षद म्हणत होता, बेळगावला जाऊन ऑपरेशन करून घ्या. अप्पा म्हणाले होते, माझी एवढी अडचण होत असेल तर तूच जा. मग तार ओढायला सांगितली. चढायच्या आधी हर्षद खोलीत गेला होता आणि थोडा वेळ कीवर बसला होता. ते अप्पांनी खिडकीतून पाहिलं, पण हेडफोन नव्हता.

"सगळे निरोप इले," अप्पा म्हणाले. "त्या दिवसाचो तेवढो येवक नाय अजून. जाताना तो काय म्हणालो, ता माका आयकाक इला नाय." आणि मग तिच्याकडे न बघता, "रागान गेलो काय गो तो?"

ऋजुताला आता उमगलं. हे महिनोन्‌महिने जेवणं, बसणं, हसणं या एका निरोपाची वाट पाहण्यासाठी होतं. आणि तार तर सुटलेली होती. सुटलेल्या तारेतून काही जात नाही, हर्षदने त्या दिवशी कीवर काय दाबलं असेल ते खोलीच्या बाहेरही गेलं नसणार. समुद्रावर तारुण्य घालवलेल्या रेडिओ ऑफिसरला हे सांगावं लागू नये. अप्पांना ते माहीत होतं, आणि त्यांनी ते माहीत नसल्यासारखं बाजूला ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ती वाक्य तयार ठेवूनच कीवर बसली. "अप्पांर राग नाय." एवढंच. तिकडे म्हातारा शांत झोपला असता, आणि सोमवारनंतर आवाज बंद झाला तरी चाललं असतं. शेवटचा निरोप आला, संपलं. तिने बोट ठेवलं आणि ते खाली जाईना. पेज, मासळी, पाऊस हे तिने हर्षदच्या नावावर खपवलं ते तो बोललाच असता म्हणून. पण तो रागाने गेला की नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. ती तिथे नव्हतीच. नवऱ्याच्या मनातली शेवटची गोष्ट ती स्वतः बनवायला निघाली होती. तिला स्वतःची शिसारी आली. तिने ट्रान्समीटर बंद केला, घरात जाऊन अप्पांच्या समोर बसली आणि त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सगळं सांगितलं. लयठसा, फरीदा, पेजेची पहिली वाटी, सगळं. मोठ्याने सांगावं लागल्यामुळे त्यातलं काही मऊ करता आलं नाही.

अप्पांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"नाव नाय घातलंस?"

"नाही, अप्पा."

"बिननावाचा कोण बोलता, म्हायत आसा? ज्येका लपूचा आसता तो." त्यांचा आवाज चढला नव्हता. "माझ्या झिलाच्या तोंडान बोललंस."

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. शनिवारी ते जेवले नाहीत. रविवारी सकाळी तिने ठेवलेली पेज दुपारी तशीच उचलली. तिला वाटलं, जिथून सुरुवात केली तिथेच येऊन पोचलो, आणि या वेळी हातात काहीच नाही. हरकतीचा अर्ज तिने फाडून टाकला. संध्याकाळी ती खोलीत जाऊन बसली, काही पाठवायला म्हणून नव्हे. उद्या मुलं येणार, त्यांना केंद्र दाखवायचं, म्हणून ती टेबल आवरत होती.

शेडच्या फरशीवर काठी वाजली. अप्पा आले होते. हर्षद गेल्यापासून ते या दारात पहिल्यांदा आले. त्यांनी खोलीभर नजर फिरवली, खांबाकडच्या खिडकीकडे बघायचं टाळलं, आणि खुर्ची ओढून बसले.

"माका की दी," ते म्हणाले.

तिने ट्रान्समीटर चालू केला, रिसीव्हरची वायर त्यांच्या हेडफोनला जोडली. हेडफोन जोडला की रिसीव्हरचा स्पीकर बंद होई, आणि हेडफोन तो एकच होता. तिला ऐकू येणार होती फक्त त्यांनी पाठवलेल्या मोर्सची टेबलावरची बारीक शिट्टी. परतून येणारं ऐकणार ते एकटेच. हा प्रकार काय आहे हे त्यांना आता पुरतं माहीत होतं. तिने पुन्हा एकदा सांगायला तोंड उघडलं तर त्यांनी हाताने थांबवलं.

अप्पांनी आधी आपलं कॉलसाइन पाठवलं. बोटीवरचा जड, वजनदार हात. इतकी वर्षं वापरलेला नसूनही एक टिंब इकडचं तिकडे झालं नाही. मग मजकूर. तिने अक्षर अक्षर वाचलं: "माझ्यार रागावलंस?"

मग ते थांबले. डोळे मिटलेले, तळवा टेबलावर पालथा. ऋजुता मनात सेकंद मोजू लागली आणि मध्येच तिचं मोजणं सुटलं, कारण आता काय होणार ते तिला त्या क्षणी कळलं. अप्पांचा प्रश्न परत येणार होता. पण तो येणार हर्षदच्या हाताने. अप्पांच्या कानात आता हर्षद विचारणार होता, माझ्यार रागावलंस? ज्याला म्हातारा जा म्हणाला होता, ज्याने त्यावर उलट शब्द काढला नव्हता, तो विचारणार होता.

अप्पांची हनुवटी हलली.  मग त्यांचा हात कीकडे गेला.

"नाय," त्यांनी पाठवलं.

पुन्हा तेवढीच शांतता. बाहेर कोणीतरी गुरं घराकडे हाकत होतं.  अप्पा पुढे वाकले होते, शेवटची रेघ संपूच नये अशा बेताने ऐकत होते. मग त्यांनी डोळे उघडले. ते ओले होते आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

"नाय म्हणता," ते म्हणाले.

तिने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांनी तो झटकला नाही. त्यांनी नियमाप्रमाणे शेवटचं कॉलसाइन पाठवलं, हेडफोन काढला आणि तिच्यापुढे धरला. आपण घरी जाऊन भात टाकतो, पुरता अंधार पडायच्या आत तू तुझं आटप, असं ते म्हणाले. दारात थांबून, मागे न वळता, एवढंच बोलले, "आता तू. पण नाव घाल."

ती एकटी उरली. विचारायचं तिच्याकडे पुष्कळ होतं. त्यातला एक प्रश्न तिने निवडलाही, लहान, पंधरा सेकंदांत बसणारा. आधी नाव घालायचं म्हणून तिने आपलं कॉलसाइन पाठवलं, पाच महिन्यांत पहिल्यांदा, आणि श्वास घ्यायला क्षणभर थांबली.

तेवढ्यात ते परत आलं. पहिलं अक्षर, दुसरं, मधला आकडा, आणि शेवटच्या अक्षराची शेवटची रेघ, ओढलेली. पाच महिने तिने त्याला सगळं बोलायला लावलं होतं. दमलीस का म्हणायला लावलं, साडी नेसायला सांगायला लावलं. फक्त आपलं नाव तिने लपवून ठेवलं होतं, म्हणून त्याने एकदाही तिला हाक मारली नव्हती. आता त्याने मारली.

निवडलेला प्रश्न तिने पाठवला नाही. तिने पुन्हा आपलं नाव पाठवलं, आणि मग पुन्हा, आणि आवाज विरून जाईपर्यंत ती तेवढंच पाठवत राहिली.